सिस्टरने काय करायचे, ते एकदाचे लिहून द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्याच्या नर्सिंग व मिडवायफरी आयोगावर ज्यांची नेमणूक होईल त्या सर्वांना,

विषय : परिचारिकेच्या अधिकाराची कायदेशीर व्याप्ती आणि रुग्णाची रोजची शुश्रूषा

स. न. वि. वि.

गावातल्या आशाताईच्या पिशवीत पॅरासिटामॉलच्या गोळ्या असतात. ताप आलेल्या माणसाला ती त्या देते, कारण सरकारनेच त्या तिच्या हाती दिल्या आहेत. औषधाच्या दुकानातून तीच गोळी कोणीही उठून आणतो. पण चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग केलेली, परिचारिका परिषदेकडे रीतसर नोंदणी असलेली सिस्टर रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या रुग्णाला ही गोळी द्यायची तर आधी केस पेपर चाळते. डॉक्टरांची ऑर्डर, म्हणजे लेखी सूचना, नसेल तर त्यांना फोन लावते. फोन लागला नाही तर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते. हा नियम कोणत्या कायद्यात आहे ते दाखवा, असे कोणी म्हटले तर दाखवता येणार नाही. आणि सिस्टरने गोळी दिली तर चालेल, असेही कुठे लिहिलेले नाही. माझे पत्र या न लिहिलेल्या जागेबद्दल आहे.

मी सरकारी सेवेत अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. बरीचशी नोकरी सर्जरी आणि प्रसूतीच्या वॉर्डांत गेली. नंतर काही काळ एका खासगी रुग्णालयात नव्याने लागलेल्या मुलींना तयार करण्याचे काम केले. त्यामुळे सरकारी आणि खासगी, दोन्हीकडची नाइट मला आतून माहीत आहे. तक्रारीचा पाढा वाचायला बसले तर तुमचे टेबल पुरायचे नाही, म्हणून एकाच मुद्द्यावर लिहिते.

परिचर्येचे कायदे आपल्याकडे नाहीत असे नाही. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. आपल्या राज्याचा १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे, ज्याच्याखाली मुंबईतली परिषद आमची नोंदणी करते. २०२३ मध्ये संसदेने नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा केला, १९४७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद त्यातच ठेवली आणि राज्यांनाही आपापले आयोग नेमायला सांगितले. हे सगळे मी वाचून काढले. निवृत्त माणसाला वेळ असतो. सिस्टर कोणाला म्हणावे, तिने किती आणि कुठे शिकावे, कॉलेजला मान्यता कोणी द्यावी, नोंदवहीतून नाव केव्हा कमी व्हावे, हे त्यांत आहे. राष्ट्रीय आयोगावर २९ सभासद असतील, हेही आहे. नोंदणी नसताना नर्सिंग करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही आहे. पण नोंदणी झालेली सिस्टर खाटेशी उभी असताना कोणत्या स्थितीत, कोणते औषध, किती मात्रेत, कोणाला न विचारता देऊ शकते, हे शोधायला गेलात तर हात रिकामे. औषधांचा कायदाही तिला ओळखत नाही. चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांसाठी त्याला चिठ्ठी हवी ती नोंदणीकृत डॉक्टरची.

याने रुग्णाचे काय बिघडते, ते सांगते.

सिझरची बाई घ्या. संध्याकाळी ऑपरेशन झाले. रात्री दहाच्या सुमारास पाठीतल्या इंजेक्शनचा असर उतरतो. केस पेपरवर दुखण्याचे इंजेक्शन दिवसातून दोनदा लिहिलेले असते, एक देऊन झालेले असते आणि दुसरे सकाळचे. बाईला कूस बदलता येत नाही. बाळ शेजारी रडते आहे, पण त्याला छातीशी घेण्याइतके तिला उठवत नाही. सिस्टरला कळत असते की पॅरासिटामॉलची बाटली लावली तर अर्ध्या तासात ही पाजायला लागेल. तिने ते शेकडो वेळा पाहिलेले असते. पण ऑर्डर नाही, आणि ड्युटीवरचे डॉक्टर लेबर रूममध्ये दुसऱ्या अडलेल्या बाईजवळ आहेत. ते मोकळे होईपर्यंत तास-दीड तास जातो. तेवढ्यात सासूबाई वाटी-चमचा काढतात आणि बाळाला वरचे दूध पाजतात. पहिल्या दिवशी बाळाला अंगावर पाजण्याबद्दल शासन दर ऑगस्टमध्ये सप्ताह साजरा करते. त्या सप्ताहाच्या पोस्टरपेक्षा रात्री अकरा वाजताची एक पॅरासिटामॉलची बाटली जास्त काम करील. पण ती लावायची कोणी, हे ठरलेले नाही.

दुसरा रुग्ण इन्सुलिनवरचा. पहाटे चारला घामाने निथळतो, बोलणे अडखळते, ग्लुकोमीटरवर आकडा पन्नासच्या खाली. अशा वेळी शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे पाणी, द्यायचे, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही पाठ असते. कोणतीही शहाणी सिस्टर ते आधी देते आणि मग फोन करते. कागदावर मात्र क्रम उलटा लिहिला जातो. आधी डॉक्टरांना कळवले, मग सूचनेप्रमाणे दिले. मंत्रिमहोदय, तुमच्या राज्यातल्या अनेक केस पेपरांत हे असेच लिहिलेले सापडेल. यात लबाडी कोणाचीही नाही. रुग्णाला वाचवणारी कृती आणि अधिकाराबाहेरची कृती एकच असेल तर कागद असेच लिहिले जाणार. पण त्याचा एक तोटा होतो. खरे काय घडले, किती वाजता घडले, हे कागदावरून कधीच कळत नाही, आणि त्यातून पुढच्या वेळेसाठी काही शिकताही येत नाही.

तिसरी गोष्ट दिसायला अगदी किरकोळ आहे : लघवीची नळी. ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी तिची गरज उरत नाही. ती राहील तितके दिवस जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो, हे आम्हाला परीक्षेला विचारतात. पण शनिवारी दुपारी काढता आली असती अशी नळी सोमवारच्या राउंडपर्यंत राहते, कारण 'रिमूव्ह' हा शब्द कोणी लिहिलेला नसतो. पुष्कळ देशांत रुग्ण चालतो आहे का, किती तास झाले, लघवीचा रंग कसा आहे, अशा ठरलेल्या निकषांवर सिस्टरच नळी काढते आणि तशी नोंद करते. आपल्याकडे ती सोमवारची वाट पाहते. मंगळवारी ताप येतो. मग महागडे अँटिबायोटिक सुरू होते, आणि घरी जायचे दोन-चार दिवसांनी लांबते.

फोनवरच्या ऑर्डरबद्दल थोडे. मोठ्या, मानांकन मिळालेल्या रुग्णालयांत तोंडी ऑर्डर घेण्याची रीत ठरलेली असते. ऐकलेले परत वाचून दाखवायचे, वेळ लिहायची, ठरल्या मुदतीत डॉक्टरांची सही घ्यायची. वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये यातले काही नसते. तिथे रात्री आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून बहुधा होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचा पदवीधर मुलगा असतो. तो सरांना फोन करतो, सर त्याला सांगतात, तो सिस्टरला सांगतो, सिस्टर देते. सकाळी सही होते. होते तेव्हा होते. काही विपरीत घडले तर 'मी असे म्हटलेच नव्हते' हे वाक्य कोणाच्या तोंडून येईल आणि कागदावर अक्षर कोणाचे सापडेल, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि विपरीत घडले की कायदा एकदम बोलू लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसे घडले तर कमाल शिक्षा दोन वर्षांची. ही सवलत कोणाला, याचे स्पष्टीकरण कलमातच दिले आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्याखालची पदवी आणि डॉक्टरांच्या नोंदवहीत नाव असलेल्यांना. सिस्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत असते. म्हणजे एकच चुकीचा डोस ज्याने लिहिला त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि जिने टोचला तिला पाच. डॉक्टरांना सवलत का दिली, असे मी म्हणत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरवर निष्काळजीपणाचा खटला भरण्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे, उठसूट अटक करू नये, असे सांगितले. ते योग्यच आहे. माझा प्रश्न एवढाच की, सिस्टरच्या कामाबद्दल असे मत कोणाकडून घ्यायचे? नर्सिंग काय असते हे जाणणारा माणूस चौकशीत असतो का?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण दगावले. अटक झालेल्यांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका होत्या. कोण दोषी, हे न्यायालयाने ठरवायचे. त्या प्रकरणांवर मी निकाल देणार नाही. पण त्या बातम्यांनंतर राज्यभरातल्या ड्युटी रूममध्ये जी चर्चा झाली, ती मी ऐकली आहे. वायरिंग कधी बदलायचे, फायर ऑडिटच्या त्रुटी कधी दूर करायच्या, एका नाइटला किती जणी ठेवायच्या, यांतल्या एकाही कागदावर सिस्टरची सही लागत नाही. तेव्हापासून नव्या मुलींना सिनिअर पहिल्या आठवड्यात जे शिकवतात, ते असे : आधी लिही, मग फोन कर, फोन केला तेही लिही, आणि सांगितल्याशिवाय कशाला हात लावू नकोस. भीतीपोटी आलेला हा शहाणपणा आहे, आणि त्याची किंमत सिझरची ती बाई मोजते.

आता तुम्ही म्हणाल, अधिकार लिहून देणे एवढे सोपे नाही. तुम्ही ते केलेले आहे, म्हणून तर मी लिहिते आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' या संस्थेमार्फत खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांनी तेव्हा 'बायकांच्या हाती सुई देता?' म्हणून भुवया उंचावल्या होत्या, त्यांच्यापुढे आकडेच उभे राहिले. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारने एएनएमला, म्हणजे आपल्या आरोग्यसेविकेला, ठरावीक परिस्थितीत तान्ह्या बाळाला जेंटामायसिन देण्याची परवानगी दिली. बाळाला मोठ्या रुग्णालयात नेणे शक्य नसेल किंवा आईबाप न्यायला तयार नसतील, अशी ती परिस्थिती. त्याच वर्षी अकाली कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचा डोस देण्याच्या सूचना आल्या. त्याच्याही आधीपासून झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवायचे, हे उपकेंद्रावरच्या सेविकेला शिकवले जाते. औषध नियमांच्या 'के' परिशिष्टात आरोग्यसेविका, उपकेंद्रावरच्या परिचारिका, अंगणवाडी सेविका यांनी वाटलेल्या औषधांसाठी सूट नोंदवलेली आहे.

लक्षणे कोणती, औषध कोणते, मात्रा किती, त्यानंतर रुग्णाला कुठे पाठवायचे, नोंद कशी करायची, हे सगळे लिहून देता येते आणि तुम्ही लिहून दिलेही आहे. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे कायद्याने सेविकेच्या हातावर विश्वास ठेवला. डॉक्टर दोन मजले खाली असला, पण त्याचे हात अडकलेले असले, की तो विश्वास संपतो. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय?

इंग्लंडमध्ये २००० सालापासून अशा लेखी आदेशांना कायद्यातच जागा आहे. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि परिचारिका एकत्र बसून एखाद्या औषधाचा आदेश तयार करतात, त्यावर सह्या होतात, आणि ज्या परिचारिकांची नावे त्यात आहेत त्या प्रत्येक रुग्णासाठी वेगळी चिठ्ठी न मागता ते औषध देतात. पुढचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना तर २००६ पासून स्वतः औषधे लिहिण्याचा व्यापक अधिकार आहे. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तिकडे आपत्कालीन विभागात आहे. ती सांगते की तिथे गेल्यावर कौशल्य नवे शिकावे लागले नाही. निर्णय घेऊन त्याखाली स्वतःचे नाव लिहायची सवय लावून घ्यायला मात्र वेळ लागला. आपल्या मुली परदेशी का जातात यावर चर्चासत्रे होतात आणि पगाराचा आकडा सांगून संपतात. पगार आहेच. पण शिकलेले वापरू देतात, हेही आहे.

डॉक्टरांच्या संघटना याला विरोध करतील हे मी गृहीत धरते. त्यांची भीती खोटी नाही. ज्या राज्यात गल्लोगल्ली बोगस डॉक्टर सापडतात, तिथे औषधाचा अधिकार आणखी कोणाला द्यायचा म्हटले की त्यांच्या पोटात गोळा येणारच. पण याच राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना फार्मॅकॉलॉजीचा, म्हणजे औषधशास्त्राचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. डॉक्टर संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्या वादात मला पडायचे नाही. मात्र फार्मॅकॉलॉजी बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही आहे, आणि डोस देताना रुग्णाशेजारी उभे राहण्याचा अनुभव आमच्याइतका कोणालाच नाही. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यातल्या ३२ व्या कलमाने 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' नावाच्या मधल्या फळीसाठी मर्यादित परवान्याची सोय केली, म्हणजे तत्त्व म्हणून हे दार संसदेने उघडलेले आहे. आणि मी मागते आहे ते त्याहून फार थोडे आहे. सिस्टरला दवाखाना थाटायचा नाही.

माझ्याच बहिणी जास्त चिडतील, याची मला खात्री आहे. 'आधीच मरतोय, त्यात औषधांची जबाबदारीही आमच्याच गळ्यात?' हे मी कल्पनेने लिहीत नाही. या विषयावर बोलायला उभी राहिले तेव्हा ऐकले आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार शिकाऊ रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाचामागे एक परिचारिका हवी, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. जिथे फ्लोअर बेड, म्हणजे जमिनीवरच्या गाद्या, धरून साठ रुग्णांना नाइटला दोघी असतात तिथे हा निकष वाचून दाखवला तर लोक हसतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्जरीच्या रुग्णांत, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये प्रमाणाचा कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. आपल्याकडे निकष आहेत, पण ते मोडले तर कोणाला जाब विचारायचा ते ठरलेले नाही. २०२२ च्या मे-जूनमध्ये राज्यभरातल्या परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी येणाऱ्या मुलीच्या हाती अधिकार देऊन तिच्यावर साठ रुग्ण टाकणार असाल, तर तो अधिकार म्हणजे तिच्यासाठी लावलेला सापळा ठरेल. म्हणून दोन्ही एकत्रच हवे. अधिकाराचा आदेश ज्या वॉर्डात लागू करायचा, तिथे प्रमाण पाळले गेले असले पाहिजे.

खासगी नर्सिंग होमांबद्दल एकच सांगते, कारण तिथे प्रश्न आणखी खालच्या पायरीवर आहे. आपला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असे त्यात तेव्हापासून आहे. प्रत्यक्षात रुग्णाच्या नातेवाइकांना समोरची मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, आहे, बी.एस्सी. आहे, की कुठल्या तरी इन्स्टिट्यूटचा सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट' कोर्स करून आलेली आहे, हे कळायला मार्ग नसतो. गणवेश सारखाच, हाक सारखीच. त्या मुलींना मी नावे ठेवत नाही. पाच-सात हजारांवर बारा-बारा तास राबतात, आणि शिकवले तर शिकतातही. पण शिरेतून पोटॅशियम द्यायची वेळ आली तर कोणाचा हात चालणार आहे, हे रुग्णाला माहीत असायला हवे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितले आहे. त्याच भिंतीवर आजच्या पाळीला किती नोंदणीकृत परिचारिका आणि किती रुग्ण, हे दोन आकडे खडूने लिहायला किती खर्च येतो? कोरोनाकाळात मोबाईलवर ऑक्सिजनचे सिलिंडर शोधायला शिकलेले लोक हे आकडेही वाचतील.

रुग्णालयाबाहेरचे एक दुखणे राहिले. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली माणसे आता घरी असतात. त्यांना भेटायला जाते ती परिचारिका. मॉर्फिन मात्र अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात अडकलेले. २०१४ च्या दुरुस्तीने ते देशभर एकाच नियमाखाली आणले आणि रुग्णालयांना परवान्यांच्या जंजाळातून बरेच सोडवले. तरी लिहिणारा डॉक्टर लागतोच. घरी गेलेल्या परिचारिकेला दिसते की मात्रा कमी पडते आहे, रुग्ण रात्रभर तळमळतो आहे. तिला मात्रा वाढवता येत नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टर शुक्रवारी येणार असेल तर मंगळवार ते शुक्रवार ही तळमळ चालू राहते. आफ्रिकेतल्या युगांडाने २००४ मध्ये पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना हलकी करणाऱ्या, सेवेचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहिण्याचा अधिकार दिला. आपल्यापेक्षा गरीब देश आहे. वेदनेच्या बाबतीत त्यांनी वाट पाहिली नाही.

मागण्या फार नाहीत. राज्य पातळीवर एक लेखी यादी हवी : ताप, ऑपरेशननंतरचे दुखणे, साखर उतरणे, ऑक्सिजन, उलटी, औषधाची तीव्र रिअॅक्शन, नळी काढणे, अशा दहा-बारा रोजच्या प्रसंगांत नोंदणीकृत परिचारिकेने स्वतः काय करायचे, किती वेळात डॉक्टरला कळवायचे आणि काय मुळीच करायचे नाही. यातले शेवटचे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण मर्यादा लिहिलेली असेल तर 'इंजेक्शन तूच दे ना गं' म्हणणाऱ्याला नाही म्हणता येते. तोंडी ऑर्डरचा नियम वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही लागू करा. रुग्णालयातल्या दुर्घटनेच्या चौकशीत वॉर्डात काम केलेली एक ज्येष्ठ परिचारिका सभासद म्हणून असू द्या, साक्षीदार म्हणून नव्हे. १०६ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात परिचारिकांचा समावेश व्हावा, असे राज्याने केंद्राला कळवावे. ते तुमच्या हातात नाही, पत्र लिहिणे आहे.

यादी करणाऱ्या समितीवर कोण असेल याचीही मला काळजी वाटते. अशा समित्यांवर प्राचार्या असतात, संचालनालयातले अधिकारी असतात, एखादे मोठे सर्जन असतात. ही सगळी मंडळी विद्वान आहेत, पण त्यांनी शेवटची नाइट केव्हा केली ते विचारा. निम्म्या जागा सध्या पाळीत काम करणाऱ्या परिचारिकांना द्या. त्यांत एक उपकेंद्रावरची आरोग्यसेविका असू द्या, कारण लेखी आदेशाखाली काम करायचा अनुभव आज तिलाच आहे. एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, हाही घ्या; मनोरुग्णालयात आणि अपघात विभागात ते मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

मसुदा तयार झाला की हरकती व सूचना मागवाल. तो मराठीत काढा. मुदत एक महिन्याची तरी ठेवा. नाइटचा आठवडा असला की घरी येऊन वर्तमानपत्रही उघडले जात नाही, आणि ज्यांनी हरकत घ्यायला हवी त्यांचीच मुदत हुकते. मसुद्याची प्रत प्रत्येक ड्युटी रूममध्ये लावण्याचे आदेश अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना, द्या. माझ्या हरकती मी पोस्टाने पाठवीन. पोच मिळावी ही विनंती.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिसेविका